अँथुलाच्या आजीचा पोशाख

संघमित्रा नऊ वर्षांची असताना तिची शाळेतली मैत्रीण एलेनी तिला एका शनिवारी ग्रीक नाच शिकायला घेऊन गेली, आणि मग ती दर शनिवारी जातच राहिली. बॉटनी डाउन्समधल्या घरापासून तो हॉल गाडीने बराच लांब. मुलीला सोडून घरी यायचं आणि लगेच आणायला निघायचं, त्यापेक्षा सुजाता तिथंच थांबायला लागली. थांबता थांबता ती हॉलच्या स्वयंपाकघरात कधी शिरली, हे तिचं तिलाही कळलं नाही.

हॉल चर्चच्या मागच्या बाजूला होता. भिंतीवर पहिल्या पिढीतल्या माणसांचे फोटो होते, मासे तळायच्या दुकानांसमोर हाताची घडी घालून उभे असलेले मिशाळ पुरुष. एका कोपऱ्यात म्हातारे पत्ते खेळत बसायचे आणि हॉलच्या कमिटीवर क्रीट बेटाचे जास्त की सायप्रस बेटाचे जास्त यावरून त्यांची जुंपलेली असायची. बाजूच्या खोलीत मुलांचा भाषेचा वर्ग भरायचा. बाई ग्रीकमध्ये विचारायच्या, मुलं इंग्रजीत उत्तरं द्यायची. ते ऐकून सुजाताला हसू यायचं, कारण तिच्या घरीही तेच चालायचं.

पण तिला तो हॉल आवडायचं खरं कारण वेगळं होतं. सुजाता आणि विराज उल्हासनगरचे, बौद्ध. दोघांचीही शिक्षणं चांगली, ती ईस्ट टामाकीतल्या खाद्यपदार्थांच्या कारखान्यात लॅब सांभाळायची. तरी मराठी लोकांच्या कार्यक्रमात कुणी नाव विचारलं की पाठोपाठ आडनाव विचारायचंच, आणि आडनाव ऐकल्यावर समोरच्या चेहऱ्यावरचं काहीतरी अलगद मिटायचं. बोलणं मात्र पुढं तसंच गोड चालू राहायचं. हॉलमधल्या ग्रीक म्हाताऱ्याही नवं पोर दिसलं की हनुवटी धरून विचारायच्या, कुणाची गं तू, कुठल्या गावची? पण सुजाताचं उत्तर त्यांच्या कुठल्याच खणात बसत नव्हतं, म्हणून त्यांनी तिला पुढं काही विचारलं नाही. तिच्या हातात ब्रश दिला आणि कागदासारख्या पातळ पोळ्यांना लोणी लावायला बसवलं. सात वर्षं ती तिथं मोकळा श्वास घेत होती.

त्या स्वयंपाकघराची मालकीण अँथुला. सत्तरी ओलांडलेली, जाडजूड, तोंडाने फटकळ. नवऱ्यामागे इथं आली आणि चाळीस वर्षं त्याच्या दुकानात मासे तळले. सगळी पोरं तिला याया म्हणायची, म्हणजे आजी. तिच्याकडे तिच्या आजीचा लग्नातला पोशाख होता, गर्द लाल, छातीवर नाण्यांच्या माळा. शंभर वर्षांपूर्वी तुर्कस्तानातून ग्रीक लोकांना हाकललं, तेव्हा आजी तो चादरीत गुंडाळून निघाली. नव्या गावातल्या ग्रीकांनी तिला जवळ केलं नाही. तिला तुर्काचं बीज म्हणायचे, विहिरीवर तिची घागर सगळ्यांच्या शेवटी लागायची. हे सांगताना अँथुलाचे डोळे भरून यायचे, आणि एकदा सुजाताने तिचा हात हातात धरून ठेवला होता.

पंचवीस मार्च हा ग्रीकांचा स्वातंत्र्याचा सण. त्या दिवशी ओळीत सगळ्यांत पुढं रुमाल धरून नाचणाऱ्या मुलीला तो पोशाख मिळायचा. या वर्षी रुमाल संघमित्राच्या हातात होता. नाच शिकवणाऱ्या फोतिनीने तिला जानेवारीतच तसं सांगून टाकलं होतं.

सणाआधीच्या शनिवारी सुजाता लॅबमधलं काम संपवून थोडी उशिरा पोचली. हॉलमध्ये कपडे वाटणं चाललं होतं. लाल पोशाख वल्लरीच्या अंगावर होता. वल्लरी म्हणजे मृदुलाची मुलगी. मृदुला पुण्याची, आयटीत नोकरी करणारी, बॉटनी डाउन्समध्येच राहणारी. दोन वर्षांपूर्वी सुजातानेच तिला या वर्गाबद्दल सांगितलं होतं. वल्लरी ओळीत पाचवी नाचायची. ती आरशासमोर अवघडून उभी होती आणि मृदुला तिचे फोटो काढत होती. संघमित्राने कपड्यांच्या पेटीतला एक साधा निळा घागरा घातला होता. सुजाताने फोतिनीकडे पाहिलं, तर फोतिनी खाली वाकून कुणाच्या तरी बुटाचा पट्टा लावायला लागली.

सुजाता स्वयंपाकघरात गेली. अँथुला सणासाठी खारवलेले मासे भिजत घालत होती. पाण्यावर फेस आला होता, त्याचा उग्र वास लसणाच्या वासात मिसळला होता. पोशाख वल्लरीला कसा काय, असं सुजाताने साधेपणानेच विचारलं.

अँथुलाने हात पुसले, दार लोटलं आणि आवाज खाली आणला. मृदुलाने मला तुमच्याकडच्या सगळ्या पद्धती समजावून सांगितल्या, ती म्हणाली. तुमची माणसं पूर्वी मेलेली जनावरं ओढायची, गावाबाहेर राहायची, हे मला माहीतच नव्हतं. तुझ्याबद्दल माझ्या मनात काही नाही. संघमित्रा तर माझी नातच आहे. पण तो पोशाख लग्नातला, पवित्र. तो आजीच्या अंगाला लागलेला आहे. नुसता धुऊन काही...

धुऊन काय जात नाही, ते सुजाताला कळलं. या बाईला चार महिन्यांपूर्वी हे शब्दही माहीत नव्हते. कॉफीच्या एका कपाबरोबर कुणीतरी ते तिच्यासमोर ठेवले, आणि तिने सवयीचा पदार्थ असावा तसे तोंडात टाकले.

"तुमच्या आजीची घागर विहिरीवर शेवटी लागायची," सुजाता म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतंत मला."

अँथुलाला राग आला नव्हता. ती खरोखरच बुचकळ्यात पडली होती.

"ते वेगळं," ती म्हणाली. "आम्ही ख्रिश्चन होतो. ते लोक आमच्याशी चुकीचं वागले."

एवढं बोलून ती पुन्हा माशांकडे वळली.

पार्किंगमध्ये सुजाताने मृदुलाला गाठलं. मृदुला जराही गडबडली नाही. तिचा आवाज नेहमीसारखाच लाघवी होता.

"अगं, मी सहज बोलले. त्या विचारत होत्या इंडियाबद्दल. मी चांगलंच सांगितलं, तुम्ही लोक किती पुढे आलात ते. आम्ही घरात तसलं काही मानत नाही, तुला माहितीये."

सुजाता तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. नीट कापलेले केस, बेताची लिपस्टिक, आणि डोळ्यांत खरंखुरं आश्चर्य, की हिला यात लागण्यासारखं काय आहे. एखादं भांडं उघडावं आणि आत बुरशी लवलवताना दिसावी, तशी तिला किळस आली. त्या भांड्यातलं आपण दोन वर्षं खात होतो, या विचाराने तर जास्तच. हिच्या घरी हळदीकुंकवाला गेलो, हिला आजारपणात डबे दिले. ते डबे हिने उघडले असतील का, हा प्रश्न डोक्यात आला आणि तो आल्याचीच तिला लाज वाटली.

"तू पुढे येऊन हेच केलंस," ती म्हणाली आणि गाडीकडे गेली.

घरी विराज म्हणाला की नाव काढून टाक, जायचंच कशाला? सुजातालाही तेच हवं होतं. पण संघमित्राने ऐकलं नाही. तिने हेप्स, म्हणजे ढीगभर, प्रॅक्टिस केली होती, ती नाचणार होती, आणि निळा घागरा चालेल म्हणाली.

सणाच्या दिवशी हॉल खचाखच भरला होता. अथेन्सहून कुणी पाहुणे आले होते. संघमित्रा पुढं रुमाल धरून आली. डोळ्यांवर येणारे केस मागं टाकून तिने पहिलं पाऊल उचललं. साधा निळा घागरा गिरक्या घेत होता आणि पाचव्या जागेवर ती नाणी वल्लरीच्या पावलांबरोबर चुकत वाजत होती. लोकांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. सुजाताने टाळ्या वाजवल्या नाहीत. नाकात तो माशांचा वास तसाच होता.

नाच संपल्यावर अँथुला लगबगीने पुढे झाली. तिने संघमित्राच्या खांद्यावर हात टाकला, तिला पाहुण्यांसमोर ओढलं आणि ही आमची इंडियन लेक, म्हणून ओळख करून दिली. फोटोवाला आला. अँथुलाने गाल संघमित्राच्या गालाला चिकटवला. पोशाखाला न चालणारी कातडी फोटोला चालत होती.

सुजाता उठली. खुर्च्यांमधून वाट काढत ती त्यांच्यापर्यंत गेली.

"हात काढा," ती इंग्रजीत म्हणाली. आवाज चढवला नाही, तरी जवळच्या टेबलांवरचं बोलणं थांबलं. अँथुला हसत राहिली, तिला वाटलं फोटोसाठी काहीतरी सांगताहेत. "माझ्या मुलीच्या अंगावरचा हात काढा."

हात निघाला. पाहुणे आपल्या ताटात बघायला लागले. मृदुलाने मोबाइलमध्ये मान घातली. फोतिनी पुढं येते की काय असं क्षणभर वाटलं, पण ती आली नाही. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांपैकी एकाने विचारलं, काय झालं?

गाडीत संघमित्रा खिडकीबाहेर बघत बसली होती. तू सगळं ऑकवर्ड केलंस, ती इंग्रजीत म्हणाली. सगळे बघत होते. पुढच्या सिग्नलला मुलगीच पुन्हा बोलली. या वेळी मराठीत, अडखळत.

"मला माहीत होतं. वल्लरीने ख्रिसमसच्या सुट्टीत विचारलं होतं. तिच्या आईने तिला सांगितलं होतं, आपण कोण ते."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, गूगल कर." ती थांबली. "मग मीच घरी येऊन केलं."

सुजाताने गाडी कडेला घेतली. ख्रिसमसची सुट्टी. म्हणजे इथला सगळा उन्हाळा ही पोरगी टॉग्ज, पोहायचे कपडे, पिशवीत भरून वल्लरीबरोबर पोहायला जात होती, एका टॉवेलवर बसून चिप्स खात होती, आणि हे पोटात घेऊन घरी येत होती. ज्या घाणीपासून लांब ठेवायला म्हणून समुद्र ओलांडला, ती मुलीला मैत्रिणीकडून मिळाली, आणि आपण शेजारच्या खोलीत बसून पोळ्यांना लोणी लावत होतो.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला तिथं जायला आवडायचं, मम."

वाटेत सँडरिंगहॅमला एका इंडियन हॉटेलात थांबून दोघींनी डोसा मागवला. संघमित्राने स्वतःचा संपवला आणि आईच्या ताटातलाही ओढून घेतला. पुढच्या शनिवारी क्लासला सोडशील का, असं मुलीने विचारलं. फोतिनी काही बोलली नाही तरी शिकवते चांगलं, आणि नाच कुणाच्या आजीचा नाही, ती म्हणाली.

"सोडेन," सुजाता म्हणाली. "पण आत येणार नाही."

मग ती उठून बेसिनपाशी गेली आणि हात धुतले. माशांचा वास गेला नाही, म्हणून साबण लावून पुन्हा धुतले.