डाव्या डोळ्यावरची पट्टी

लाल रंग फिका दिसतोय म्हणून गोजरबाईने ओढणी पुन्हा घंगाळात बुडवली, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

महाराष्ट्र राज्य होऊन दोनचार वर्षं झाली होती. नांदुऱ्याच्या दुकानांतून गिरणीचं छापील कापड ढिगांनी येत होतं, तरी लग्नाचं कापड लोक अजून इंद्रभान रंगाऱ्याच्याच घरी टाकत. चूल आणि ढवळणं इंद्रभानकडे. रंग चढला की नाही, हे ठरवायची त्याची बायको गोजरबाई. सासऱ्यांनी तिला शिकवलं होतं: ओलं टोक पिळायचं, उजेडात धरायचं, उजवा डोळा मिटायचा आणि डाव्याने पाहायचं. डाव्यानेच का, हे त्यांनाही ठाऊक नसावं. घरची रीत होती, आणि रीतीला कोण कशाला प्रश्न विचारतंय!

गावातल्या जहांआराच्या थोरल्या लेकीची लग्नाची ओढणी तिने अशीच पारखली. फिकी वाटली, बुडवली. पुन्हा फिकी, पुन्हा बुडवली. वाळली तेव्हा ती लाल नव्हतीच, जुन्या विटेसारखी काळपट झाली होती. जहांआरा भांडली नाही. बिघडलेलं कापड तिथेच टाकून ती उठून गेली, आणि भांडण परवडलं असतं असं गोजरबाईला झालं.

तसं काही महिन्यांपासून तिचं बिनसलंच होतं. चुलीपाशी वाफ लागली की डोळ्यांपुढे धूर दाटायचा, सावलीत जरा बसलं की निवळायचा. धाकट्या जावेने, पुष्पाबाईने, याचा सोपा अर्थ लावला: काम आलं की दिसत नाही, बसलं की दिसतं, म्हणजे सोंग. शिवाय रंगात मीठ टाकलं की नाही हे आठवेना. बोलताना एखादा साधा शब्द जिभेवर यायचा नाही, आणि तो येईपर्यंत घरातलं कोणीतरी तिचं वाक्य पुरं करून टाकायचं. चुकीचं का होईना, पण पुरं. याचा तिला डोळ्यांपेक्षा जास्त संताप यायचा.

इंद्रभानने तिला आगगाडीने नागपूरला नेलं. डॉक्टर भला माणूस होता. त्याने तिचा एकेक डोळा झाकून लाल पेन्सिल दाखवली. उजव्याला ती लालभडक दिसली, डाव्याला धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखी. गोजरबाईला लख्ख कळलं. ओढणी तिच्या हाताने बिघडवली नव्हती, डाव्या डोळ्याने बिघडवली होती. आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. नसांवरचं आवरण जागोजागी झिजतं, डॉक्टर म्हणाला, मग निरोप पोचायला उशीर होतो. विसरायला होईल, शब्द अडतील, उन्हाने आणि वाफेने डोळे मंदावतील. कधी बरं वाटेल, कधी वाढेल. औषध असं नाही. हे सगळं त्याने इंद्रभानकडे पाहून सांगितलं. आजार जणू त्यालाच झाला होता!

घरी येताच निवाडा झाला. पारख पुष्पाबाई करील, गोजरबाईने वाळलेल्या कापडाच्या घड्या घालाव्यात. सासू बनाबाई म्हणाली, आता तू आराम कर. माणसाला अडगळीत टाकायची ही गोड रीत. गोजरबाईने काही दिवस मुकाट घड्या घातल्या आणि मनात एकच गोष्ट घोळवली: एक डोळा गेला, पण दुसरा धड आहे.

पुढच्या लगीनसराईत जहांआरा धाकट्या लेकीची ओढणी घेऊन आली. तिने इंद्रभानला विचारलं, रंग कोण पाहणार. तो पुष्पाबाईचं नाव घेणार तोच गोजरबाई उठली. काळपट ओढणी तिने जपून ठेवली होती. तिची लांब पट्टी टर्रकन फाडली आणि भर ओसरीत डाव्या डोळ्यावर बांधली.

बनाबाईने कपाळाला हात लावला. लग्नाच्या कापडापाशी एका डोळ्याची बाई म्हणजे धडधडीत अपशकुन. निदान आत, दार लावून तरी बांध, असं ती कळवळून म्हणाली.

"मी चोरी नाही करून राह्यली," गोजरबाई म्हणाली. "मी इथंच बसीन. मले... मले..."

"आराम पाह्यजे," पुष्पाबाईने वाक्य पुरं केलं.

"थांब. शब्द येऊन राह्यला." गोजरबाईने पट्टीची गाठ घट्ट केली. "सावली. मले सावली पाह्यजे."

जहांआराने ओढणी इंद्रभानच्या नाही, गोजरबाईच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारव्यातच काम सुरू झालं. इंद्रभान चुलीपाशी, ती लांब निंबाखाली. मीठ पडलं की मिठाचं भांडं पालथं घालायचं, म्हणजे आठवायची गरजच नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. काम चालू असताना कोणी बोलायचं नाही. इंद्रभान ओलं टोक आणून देई, ती पिळून उजव्या डोळ्याने पाही. त्याची चुळबुळ चाले, पण ती घाई करीना. एकदा नकारार्थी मान हलवली, ओढणी परत गेली. पुढच्या खेपेला तिने हात वर केला: रंग चढला.

ओढणी वाळली ती लाल. नवरीला शोभेल अशी, डोळ्यात भरणारी. बनाबाई येऊन कापडाला हात लावून गेली.

जहांआरा संध्याकाळी न्यायला आली. आधी तिने ओढणी पाहिली, मग पट्टी. थोरलीची ओढणी तिने ओळखली आणि पट्टीवरून बोट फिरवलं. मग जे सगळ्यांच्या मनात होतं ते तिनेच विचारलं.

"गोजरबाई, उद्या हा डोळाही गेला तं?"

गोजरबाईने तोंड उघडलं. शब्द आला नाही. इंद्रभान पुढे सरकला, आणि तिच्याकडे पाहून थांबला. पुष्पाबाईने ओठ मिटले. शब्द तिचा तिलाच सापडला.

"डोळा जाईल त्या दिवशी मीच सांगीन," ती म्हणाली. "तवर कोणी सांगू नोका."