नाही म्हणायचं गाणं

सहावीच्या वर्गात आशुतोषने दोन्ही हात काखेत घातले, गुडघे वाकवले आणि तो बदकासारखा चालायला लागला. मागे टीव्हीवर पिवळं बदक नाचत होतं आणि कुणी बाई लाडात येऊन इंग्रजीत गात होती.

घणसोली गावातल्या त्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या प्रियदर्शिनी मॅडम शेवटच्या बाकाशी उभ्या राहून हे बघत होत्या. आशुतोष हा कुठल्याशा कंपनीचा ‘लँग्वेज एक्स्पर्ट’. गाण्यांतून इंग्रजी शिकवायचं पॅकेज त्याने शाळेच्या गळ्यात मारलं होतं. अध्यक्ष हिरामणशेठनी ते घेतलं, कारण त्याच्याबरोबर टीव्ही फुकट होता. गाणी त्यांनी ऐकली नव्हती. टीव्ही मात्र स्वतः लावून बघितला होता.

“एव्हरीबडी, क्वॅक क्वॅक!” आशुतोष ओरडला.

कुणी उठलं नाही. मितेशला यंदा मिसरूड फुटू लागलं होतं आणि बोलता बोलता त्याचा आवाज फाटायचा. तो मान खाली घालून बाकाचा रंग नखाने खरवडत बसला. पहिल्या बाकावर मनस्वी होती, हिरामणशेठची नात. मोठ्या माणसाच्या पॅन्टची चेन उघडी राहिली की मुलं जशी बघतात, तशी ती आशुतोषकडे बघत होती.

तास संपल्यावर मॅडमनी त्याला गाठलं.

“हे कितवीच्या मुलांसाठी आहे?”

“सगळ्यांसाठी, मॅम. मूल म्हणजे मूल. ॲक्शनमधून शिकतं.”

“काय शिकतं?”

“इंग्लिश.”

“बदकाचं?”

आशुतोष हसला. अडाण्यांना समजावून सांगायचे पैसे आपल्याला मिळतात, अशा समजुतीने हसणारी माणसं असतात, त्यातलं ते हसणं. “मॅम, ग्लोबल मेथड आहे,” तो म्हणाला आणि वायरी गुंडाळायला लागला.

मुख्याध्यापिका स्मिताबाईंना हे सांगून उपयोग नव्हता. त्यांचं एकच उत्तर असे आणि या वेळीही त्यांनी तेच दिलं. “असू दे हो. शेठनी घेतलंय ना? मग कशाला टेन्शन?”

प्रियदर्शिनी मॅडम मूळच्या साताऱ्याकडच्या, आता सानपाड्याला राहायच्या. बदकापेक्षा बरं गाणं आपणच शोधायचं, असं त्यांनी ठरवलं. रोज घरी गेल्यावर कानात इअरफोन घालून त्या भाजी निवडायच्या आणि गाणी ऐकायच्या. ऐकता ऐकता त्यांचं डोकं फिरायला लागलं. प्रेमाची गाणी बाद, वर्गात नुसती खीखी झाली असती. ज्यात गाणारा निम्मे शब्द गिळतो ती बाद. बर्फात घसरगुंडी खेळायची बाद. मग राहिली मोठ्यांना आवडणारी लहान मुलांची गाणी: दात घासा, हात धुवा, सगळ्यांवर प्रेम करा. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना दात घासायला शिकवणाऱ्यांबद्दल मॅडमना इतका तिटकारा आला, की एकदा त्यांनी गवारीच्या शेंगा कचऱ्यात आणि शिरा पातेल्यात टाकल्या.

मुलांना रोज तोंडात घोळवावंसं वाटेल असं एखादं वाक्य त्यांना हवं होतं. आणि मित्रांसमोर म्हणायची लाज वाटणार नाही असं.

शेवटी एक गाणं सापडलं. फारसं कुणाला माहीत नसलेलं, एक बाई आणि तिची गिटार. प्रत्येक कडव्यात कुणीतरी मोठं माणूस मुलीला काहीतरी करायला सांगतं. हे खा, ते घाल, फोटोसाठी हस. आणि मुलगी दर वेळी शांतपणे म्हणते, “नो, थँक यू. आय डोन्ट वॉन्ट टू.” आणि मग, “आस्क मी व्हाय.” शब्द सुटे, चाल सोपी.

मॅडमनी ते वर्गात लावलं. पहिल्यांदा मुलं गप्प बसून ऐकत राहिली. दुसऱ्यांदा मितेशने डेस्कवर ठेका धरला. तिसऱ्या वेळी सगळा वर्ग “नो, थँक यू” म्हणत होता, आणि इतक्या मनापासून, की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. त्या आठवड्यात मुलांनी ‘डोन्ट’चं स्पेलिंग न सांगता पाठ केलं. पॅकेजमधलं बदक टीव्हीतच राहिलं.

पुढच्या रविवारी हिरामणशेठच्या बंगल्यावर पाहुणे आले. धाकट्या मुलाच्या लग्नाची बोलणी चालू होती. मुलीकडचे वाशीचे, जरा शिकलेले, म्हणून शेठना काहीतरी दाखवायचं होतं. बंगला दाखवून झाला, नवी गाडी दाखवून झाली. मग त्यांनी नातीला बोलावलं.

“मनू, पावन्यांना इंग्लिशमधी कायतरी बोलून दाखव.”

मनस्वी हॉलच्या मधोमध उभी राहिली. सगळ्यांकडे एकदा बघून म्हणाली, “नो, थँक यू. आय डोन्ट वॉन्ट टू.”

टाळ्या पडल्या.

“आजून बोल,” शेठ म्हणाले.

“आस्क मी व्हाय.”

पुन्हा टाळ्या. आतून आजीही पदराला हात पुसत बाहेर आली. शेठ पाहुण्यांकडे अशा तोऱ्यात बघत होते, जणू इंग्लिश त्यांच्याच शेतात पिकतं. तेवढ्यात होणारी सून रंजिता, बँकेत नोकरी करणारी, तोंडावर रुमाल धरून हसायला लागली.

“काका, ती नाही म्हणतेय,” ती म्हणाली. “मला बोलायचं नाहीये, असं म्हणतेय. आणि का ते विचारा, असंही म्हणतेय.”

हॉलमध्ये कुणी विचारलं नाही, का म्हणून.

सोमवारी शेठ शाळेत हजर.

“मॅडम, पोरीला इंग्लिश शिकवाचा सांगितला, उलटा बोलाचा नाय!”

“ती उलट कुठे बोलली, शेठ? थँक यू म्हणाली की.”

“पावन्यांसमोर माजी इज्जत गेली नि तुमी थँक यू सांगताव!”

शेठ गेल्यावर मॅडमनी मनस्वीला बाजूला घेऊन विचारलं, “का गं, का नाही बोललीस?”

मनस्वीने खांदे उडवले. “मॅडम, त्यांना काय कळतंय? मी काय पण बोलले तरी टाळ्याच वाजवतात.”



स्मिताबाईंनी पालकांची मीटिंग बोलावली. आशुतोषही आला, लॅपटॉप घेऊन. “निगेटिव्ह लँग्वेज मुलांच्या ब्रेनला हार्म करते,” असं त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं. कुठल्या ब्रेनला, ते नाही सांगितलं. मग धनाजी उभे राहिले. ते मार्केटात माल उतरवायचं काम करायचे, त्यांचा मुलगा याच वर्गात होता.

“आवो मॅडम, परवा ताटात दोडका वाढला, तर पोरगं म्हनलं, नो थँक यू. नगं तर नगं म्हनावं की. ह्ये इंग्लिशमधनं नगं म्हंजे काय?”

लोक हसले. पण ते हसणं मॅडमच्या बाजूचं नव्हतं. एकेक जण उठून सांगायला लागला. कुणाच्या मुलीने मावशीला पापी द्यायला नकार दिला होता, कुणाच्या मुलाने क्लासला जायला. सगळ्यांना इंग्लिश हवं होतं. त्यासाठी तर मुलं या शाळेत घातली होती. फक्त त्या इंग्लिशला काही अर्थ असलेला नको होता.

मॅडमचा तोल सुटला. “तुम्हाला इंग्लिश बोलणारी मुलं नकोतच,” त्या म्हणाल्या. “इंग्लिशमधून आवाज काढणारी हवीत. नुसते आवाज!”

मग हिरामणशेठनी निकाल देऊन टाकला. “बदक चांगला हाय. बदक उलटा बोलत नाय.”

स्नेहसंमेलनात सहावीने बदकाचं गाणं करायचं, असं ठरलं. पिवळे मुखवटेसुद्धा पॅकेजमध्येच होते.

मॅडमनी वर्गात जाऊन हे कोरड्या आवाजात सांगितलं. मुलांनी ऐकून घेतलं. मितेशने विचारलं, “मुखवट्याला चोच असणार?” मॅडम हो म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या. मुलांच्या तोंडाकडे बघवेना.

मधल्या सुट्टीत त्या स्मिताबाईंच्या ऑफिसात वह्या ठेवायला गेल्या, तर दारात सहावीचा अख्खा वर्ग. कुणी पाठवलं नव्हतं. मनस्वी पुढे, मितेश तिच्या मागे.

“काय रे?” स्मिताबाईंनी विचारलं.

मुलं एकदम म्हणाली, “नो, थँक यू. वी डोन्ट वॉन्ट टू.”

मॅडमच्या हातातल्या वह्या तशाच राहिल्या. गाण्यात ‘आय’ होतं. ‘वी’ कुणी शिकवलं नव्हतं.

“आस्क अस व्हाय,” मनस्वी म्हणाली.

स्मिताबाई गोंधळल्या. आयुष्यात त्यांनी कुणाला का म्हणून विचारलं नसेल, पण समोर तीस-पस्तीस मुलं वाट बघत उभी होती. त्यांच्या तोंडून निघून गेलं, “व्हाय?”

आता मुलांची पंचाईत झाली. इथपर्यंतचंच ठरलं होतं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. “बिकॉज,” मितेश म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. कुणी हसलं नाही. “बिकॉज वी आर बिग.”

स्मिताबाईंनी मुखवटे पहिलीला दिले. त्यांना धाडस वगैरे काही आलं नव्हतं. मुलं ऑफिसच्या दारातून हलत नव्हती आणि त्यांना डबा खायचा होता, एवढंच. संमेलनात पहिलीची पोरं चोची हलवत आनंदाने स्टेजभर पळाली, दोघं एकमेकांवर आपटली. हिरामणशेठनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. बदक नाचलं, म्हणजे आपण सांगितलं ते झालं, असं त्यांना वाटलं, आणि कुणी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

मॅडम पुन्हा गाणी शोधायला लागल्या. आता त्यांना ‘बिकॉज’ येणारं गाणं हवं होतं. बऱ्याच खटपटीनंतर एक मिळालं. वारा, नदी, दूर गेलेला मित्र. त्यांना फार आवडलं होतं. त्यांनी ते मोठ्या उमेदीने वर्गात लावलं.

पहिलं कडवं संपायच्या आत मितेशने जांभई दिली.

“काय झालं? नाही आवडलं?” मॅडमनी विचारलं. आवाज जरा चढलाच.

“नो, मॅडम,” मनस्वी म्हणाली. “बिकॉज टू स्लो. बिकॉज… क्राइंग, क्राइंग.”

वर्ग खदखदून हसला. मॅडमना राग आला. एवढं शोधून आणलेलं गाणं, आणि या कालच्या पोरी त्याला रडकं म्हणतात! त्यांनी गाणं बंद केलं, खडू उचलला आणि फळ्यावर मनस्वीचं वाक्य नीट करून लिहिलं, ‘इट इज’ घालून.

“वहीत उतरवा,” त्या म्हणाल्या. “आणि उद्या प्रत्येकाने एकेक गाणं शोधून आणायचं. बघू तुमची अक्कल.”