नाकाचं मोल

तिच्या धाकट्या भावाचा एक जुना विनोद होता. कुणी विचारलं, तुमची ताई काय करते, की तो गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "मोलकरीण आहे. लोकांच्या धंद्याचं मोल करते." तीस वर्षांत तिने गिरण्या, छापखाने, दोन इस्पितळं आणि एक बंद पडलेलं सिनेमागृह यांचं मोल केलं होतं. आता गुडघे बोलत होते. मार्चनंतर काम घ्यायचं नाही, असं तिने नवऱ्याला कबूल केलं होतं, आणि हातात उरलेल्या कामांत ही वायनरी शेवटून दुसरी होती.

प्रकरण तसं सरळ होतं. मालक ऐंशीचे झाले होते. मुलं दूर, त्यांना यात रस नाही. वायनरी चालवणाऱ्या तिघांनी मिळून ती विकत घ्यायचं ठरवलं होतं: व्यवस्थापक, विक्री सांभाळणारी बाई, आणि वाइन प्रत्यक्ष घडवणारा तळघरप्रमुख. तिघांनी आपापली घरं तारण ठेवायची तयारी केली होती, उरलेलं बँक देणार होती. वायनरीची किंमत किती, हे दोन्ही बाजूंना मान्य होईल असं सांगायचं काम तिचं.

तळघरप्रमुखाला सगळे 'नाक' म्हणायचे. तोंडावरसुद्धा. पिंपातल्या वाइनचा वास घेऊन ती कधी बाटलीत भरायची हे तो दिवसाच्या हिशेबाने सांगायचा, अशी त्याची ख्याती. बँकेला दिलेल्या कागदांत एक अख्खं पान त्याच्यावर होतं. विक्रीवाली म्हणालीच, "मॅडम, जमीन, टाक्या, यंत्रं कुणीही विकत घेईल हो. आमची खरी मालमत्ता त्याच्या चेहऱ्यावर आहे."

दोन दिवस तिने टाक्या मोजल्या, यंत्रांवरचे क्रमांक उतरवले, छताच्या गळक्या कोपऱ्याचे फोटो काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती नाकाबरोबर तळघरात उतरली. बरोबर त्याची वहिनीही होती. त्याच्या मोठ्या भावाची बायको. भाऊ गेल्यावर इथल्या प्रयोगशाळेत लागली, त्याला सोळा वर्षं झाली. दिराची वहिनी म्हणून सगळी वायनरीच तिला वहिनी म्हणायची. ती वही घेऊन दोन पावलं मागे उभी राहायची, बोलायची नाही.

पाच-सहा पिंपं झाली. नाक प्रत्येक पिंपातून काचेच्या नळीने थोडी वाइन काढायचा, ग्लास फिरवायचा, डोळे मिटायचा, वहिनीकडे एकदा बघायचा आणि मग बोलायचा. एवढ्यात वरून कुणीतरी वहिनीला फोन आल्याची हाक मारली. ती गेली.

नाकाने पुढचं पिंप उघडलं. "हे बघा, हे आमचं लाडकं. पिकलेला आलुबुखार, थोडं लाकूड. आणखी चार महिने."

त्याने ग्लास पुढे केला. तिने वास घेतला आणि मान मागे घेतली. तिला वाइनमधलं फारसं कळत नव्हतं, पण नखांचा रंग काढायच्या द्रवाचा वास कुणाला कळत नाही? तिने घोटभर चाखली. शुद्ध आंबट शिरका. तिने नाकाकडे पाहिलं. तो समाधानाने हसत होता.

वहिनी जिन्यावरून धापा टाकत आली. पिंपाच्या खालच्या बाजूला खडूची बारीक फुली होती, तिच्याकडे बघून म्हणाली, "भावोजी, हे नव्हे. पलीकडचं."

"हां, पलीकडचं," नाक घाईने म्हणाला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

दुपारी ती प्रयोगशाळेत गेली. वहिनी ग्लास धूत होती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

वहिनीने नळ बंद केला नाही. "दोन वर्षं होतील. भावोजींना मोठा ताप आला होता, त्यात वास गेला. परत येईल म्हणाले डॉक्टर. नाही आला."

"मग वाइन कोण ठरवतं?"

"मी चाखते. वहीत लिहिते. ते संध्याकाळी पाठ करतात." ती ग्लास उजेडात धरून बघत राहिली. "दोन्ही वर्षांचा माल खपला ना? तक्रार आली का एक तरी? मग झालं तर."

"वहिनी, त्या तिघांत तुमचं नाव नाही."

"मला कोण विचारतंय? आणि मला नकोच आहे. यंदाची द्राक्षं उरकली की मी लेकीकडे जाणार. पाठ साथ देत नाही आता."

म्हणजे हे तिघं घरं तारण ठेवून जे विकत घेत होते, ते या हंगामानंतर इथे असणारच नव्हतं. लिहू नये, तर अहवाल खोटा. लिहावं, तर एका माणसाचं आयुष्य सहीनिशी उघडं पडणार. तिने त्या संध्याकाळी नवऱ्याला फोन केला, पण यातलं काही सांगितलं नाही. त्याने विचारलं, "उरकलं का?" ती म्हणाली, "व्हायचंय अजून."

दुसऱ्या दिवशी ती ऑफिस उघडायच्या आधीच आली, तर नाक तिच्या टेबलाशी बसलेला. वहिनीने सांगितलं असणार.

"लिहिणार तुम्ही?"

"लिहावं लागेल."

"माझं नाक कापलं जाईल, मॅडम." मग तो स्वतःच हसला, कोरडं. "तसं आता कापायला उरलंय काय म्हणा. सकाळी चहा पितो तो नुसता गरम लागतो. बायको सांगते, गॅस चालू राहिलाय, तेव्हा मला कळतं. तरी मी इथे येऊन आलुबुखार आलुबुखार करतो."

"मी परवा अहवाल देणार," ती म्हणाली. "त्याच्या आधी तुम्हीच सगळ्यांना सांगितलंत, तर मी फक्त तुम्ही सांगितलेलं लिहीन."

तो हाताची बोटं बघत बसला. वाइनने नखांच्या कडा काळ्या पडल्या होत्या.

त्याने त्याच दुपारी सांगितलं. मालकांच्या खोलीत, सगळ्यांसमोर, उभ्याने. व्यवस्थापक उसळलाच. "आम्ही घरं टाकतोय यात! आणि तू दोन वर्षं आमच्या डोळ्यांत धूळ फेकतोस?" विक्रीवालीने पर्स मांडीवर घट्ट धरली होती. नाक खाली मान घालून ऐकत राहिला. सारवासारव करण्याचा प्रयत्नसुद्धा त्याने केला नाही.

मालकांनी वहिनीला बोलावून घेतलं. "दोन वर्षांची वाइन तुमची?"

"हो."

"आणि पगार किती देतो मी?"

तिने आकडा सांगितला. मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

मग वहिनीच म्हणाली, "मी राहीन. पण दोनच वर्षं. आणि वहीतलं मी सांगणार, मोठ्याने. पाठ करायला कुणी नको." थांबून म्हणाली, "आणि भागीदारी हवी. लेकीला तोंड दाखवायला काहीतरी हवं ना."

नाकाने आपल्या हिश्श्यातला अर्धा तिला दिला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

अहवालात किंमत खाली आली. दोन वर्षांनी वाइन कोण घडवणार, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं आणि तिने ते तसंच लिहिलं. बँकेने कमी कर्ज मंजूर केलं. उरलेली रक्कम सावकाश घ्यायला मालक तयार झाले, फारशी घासाघीस न करता. व्यवस्थापक महिनाभर नाकाशी बोलला नाही.

सह्यांच्या दिवशी एक कागद राहिला म्हणून तिला परत जावं लागलं. कागद मिळेपर्यंत ती तळघराच्या जिन्यावर टेकली, गुडघा चोळत. खाली वहिनी पिंपांपाशी होती. नाक शेजारी नळी आणि वही घेऊन उभा होता. वहिनीने एक घोट घेतला, चूळ भरून बादलीत टाकला.

"हे चाललंय," ती म्हणाली. "दोन महिने अजून."

"दोन," नाकाने लिहून घेतलं. मग हळूच विचारलं, "वहिनी, वास कसला येतोय हो?"

वहिनीने पुन्हा ग्लास नाकाशी नेला आणि थोडा वेळ विचार केला.

"ओल्या पाटीचा," ती म्हणाली. "शाळेतल्या. आणि मागून कसलं तरी फळ. नाव नाही येत."

तो लिहायचा थांबला होता. "ओली पाटी," तो म्हणाला. "हां."

वरून तिला हाक आली, कागद तयार होता. ती कठड्याला धरून उठली.