सीटखालची पिन

डेल्मर म्हणाला, आज गवत कापायचं मशीन काढतो, आणि त्याच्या बायकोची, आर्लिसची, नजर त्याच्या पट्ट्याला लटकणाऱ्या शेडच्या किल्लीवर गेली.

आयोवातल्या त्या गावात एप्रिल लागून बर्फ ओसरलं की घरोघरच्या म्हाताऱ्यांना मशीनचे डोहाळे लागतात. शेड उघडायची, तेल बदलायचं, पात्याला धार लावायची आणि शेजाऱ्याच्या आधी पहिलं गवत कापून मिशीत हसायचं. डेल्मरचं यंदा तसलं काही नव्हतं. त्याला मशीन फक्त विकण्याजोगं करायचं होतं. घेणारा पलीकडच्या गावातला, आणि पोचवायचा दिवस डेल्मरनंच ठरवला होता, ईस्टरचा रविवार. कारण त्या दिवशी त्यांची मुलगी रेने नातीला घेऊन जेवायला येणार होती, गेल्या जुलैनंतर पहिल्यांदाच. फोनवर तिनं आईला सरळ बजावलं होतं, बाबा घरात दिसले तर आम्ही दारातूनच परत फिरू. डेल्मरनं ते ऐकलं, मान हलवली आणि कपात आणखी कॉफी ओतून घेतली.

जुलैत काय झालं ते सगळ्या गावाला माहीत होतं. बसून चालवायचं मशीन ते. माणूस सीटवरून उठला की इंजिन आपोआप बंद पडतं, आणि डेल्मरच्या अंगात त्यावर विसंबून उठायची सवय पक्की मुरलेली. उतारावर पडलेली फांदी बाजूला करायला तो तसाच उठला. इंजिन बंद पडलं नाही. पाठमोऱ्या डेल्मरला कळेपर्यंत मशीन आपलं आपण उतारावरून निघालं, आणि आजोबांसाठी सरबताचा पेला सांभाळत टेगन खालून वर येत होती. सात वर्षांची पोर. तिचं डावं पाऊल गेलं.

पोलिसांना डेल्मरनं एवढंच सांगितलं, मी बंद न करता उतरलो, चूक माझी. जन्मभर दुसऱ्यांची मशीनं दुरुस्त केलेल्या माणसाला एवढी अक्कल नसावी, असं रेने हॉस्पिटलात सगळ्यांदेखत बोलली. त्यानं तेही ऐकून घेतलं.

पण इंजिन बंद का पडलं नाही, हे एकट्या आर्लिसला माहीत होतं. जूनमध्ये डेल्मरचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तो अंथरुणाला खिळला आणि अंगणातलं गवत वाढत सुटलं. त्या गावात लोक एकवेळ बाहेरख्याली नवरा पोटात घालतील, पण वाढलेलं गवत नाही. मग आर्लिस स्वतः मशीनवर बसली. बाई म्हणजे नुसती काडी. जरा खड्डा आला की ती सीटवरून उचलली जायची, मशीनला वाटायचं माणूस उतरला, की झालं इंजिन बंद. चर्चमधल्या कॉफीच्या वेळी एका बाईनं तोडगा सांगितला. आर्लिसनं सीटखालचा वायरीचा प्लग उपटला आणि त्याच्या दोन भोकांत आपल्या अंबाड्यातली एक पिन खुपसून ठेवली. म्हणजे सीटवर कायम कुणीतरी बसलेलंच. नंतर काढू म्हणाली आणि विसरली. एवढंच. एवढ्याशा विसरण्यानं पोरीचं पाऊल गेलं.

हॉस्पिटलातून ती परत आली तेव्हा शेडला कुलूप होतं आणि किल्ली डेल्मरच्या पट्ट्याला. मागायची कशी? चोराच्या मनात चांदणं. अख्खा हिवाळा ती समोर बसून जेवली आणि तो सीट उचलेल तो दिवस पुढे ढकलला जावा म्हणून देवाला आळवत राहिली. एकदा कळलं की हा माणूस आपलं तोंड बघणार नाही, याची तिला खात्री होती.

शनिवारी डेल्मर नवा स्पार्क प्लग आणायला गेला आणि शेड उघडी राहिली. आर्लिस चप्पल न घालताच धावली. पातं काढून पकडीत आवळलेलं होतं. खाली वर्तमानपत्रावर मशीनच्या पोटातून खरवडलेलं गेल्या वर्षीचं गवत पडलं होतं, काळं, वाळून कडक झालेलं. तिकडे न बघता तिनं सीट उलटली.

पिन नव्हती. प्लग जागच्या जागी घट्ट बसवलेला होता आणि त्याच्यावर कोळ्यानं जाळं विणलं होतं. म्हणजे हे काम आजचं नाही, कालचंही नाही. ती तिथंच, मशीनच्या सीटवर बसली.

डेल्मर आला तेव्हा ती तशीच बसून होती. त्यानं हातातली पुडी खाली ठेवली, फळीवरचा गंजक्या स्क्रूंचा डबा काढला, त्यात बोट फिरवलं आणि पिन तिच्या तळहातावर ठेवली.

"त्याच दिवशी काढली," तो म्हणाला. "पोलीस यायच्या आधी."

एवढे महिने याला ठाऊक होतं. तिला आधी लाज वाटली, मग त्याचा भयंकर राग आला.

"मला का नाही बोललास?"

"बोलून काय होणार होतं? बंद न करता उतरलो ते मीच ना."

"मी रेनेला सांगणार. उद्याच सांगते."

"अगं, पाऊल परत येणार आहे का त्यानं? बाप तिनं टाकलाच आहे. उद्या आईही टाकली, तर अडीअडचणीला पोरीनं जायचं कुठं?" त्यानं कानस उचलली. "ते पातं धर जरा, हलतंय."

तिनं पातं धरलं. तो धार लावत राहिला.

रविवारी मशीन ट्रेलरवर चढवून तो निघून गेला, आणि मग रेनेची गाडी आली. आर्लिसनं पिन एप्रनच्या खिशात ठेवली होती. जेवण झालं की सांगायचं, असं ठरवून. टेगन कृत्रिम पावलावर दारापासून टेबलापर्यंत कुणाचा हात न धरता चालली. बसता बसता तिनं विचारलं, आजोबा कुठं आहेत? मशीन पोचवायला गेलेत, आर्लिस म्हणाली.

"त्या माणसाचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही," रेने म्हणाली. पोरगी बटाटे खाऊ लागली.

मग भांडी पुसताना रेने आईच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

"आई, जूनपासून मला शनिवारीही काम आहे. टेगनला तुझ्याकडे सोडेन म्हणते. ते नसतील तेव्हा. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला माझं मन धजत नाही."

आर्लिसचा हात खिशात होता. तिनं तो रिकामाच बाहेर काढला.

"थोडं हॅम बांधून देऊ?" ती म्हणाली.

ऊन कलल्यावर रिकामा ट्रेलर घेऊन डेल्मर परतला. सांगितलंस का, हे त्यानं विचारलंच नाही. तिच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि खुर्ची ओढून बसला.

"चालते का गं?"

"चालते."

"लंगडते?"

"थोडी. दारापासून टेबलापर्यंत आली, कुणाला न धरता."

त्यानं टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"माझं काही निघालं?"

"टेगननं विचारलं, आजोबा कुठं."

"आणि रेने?"

"रेने काही बोलली नाही."

"वाईटसुद्धा नाही?"

"नाही."

डेल्मरचा चेहरा उजळला. जुलैनंतर तिनं त्याला असं कधी बघितलं नव्हतं, आणि आताही बघवेना. त्यानं ताट पुढे ओढलं.

"पुन्हा सांग," तो म्हणाला. "दारापासून."

आर्लिसनं खिशातली पिन मुठीत आवळली आणि पुन्हा दारापासून सांगितलं.