वावळाची बी

जालन्यातल्या एका जुन्या निजामकाळी बागेत रविवारी सकाळी निसर्गशोधाची स्पर्धा होती. यादीतल्या दहा वस्तू शोधायच्या, पण तोडायचं काही नाही, खाली पडलेलंच उचलायचं. जुन्या जालन्यात शिवणकाम करणारी संध्या आपल्या नववीतल्या लेकीला, साक्षीला, घेऊन आली होती. दहा वाजेपर्यंत मायलेकींच्या पिशवीत बहाव्याची शेंग, साळुंकीचं पीस, पिंपळाचं जाळीदार पान असं नऊ वस्तूंचं धन जमलं. राहिली फक्त वावळाची बी.

तेवढ्यात स्पर्धा घेणारे निवृत्त वनरक्षक रामराव सांगत आले, "वावळ खोडून टाका. यादी जुनी आहे. ते झाड दोन वर्षांमागं वादळात पडलं."

सगळे फाटकाकडे वळले. संध्या मात्र पडलेल्या वावळाच्या तुटक्या बुंध्यापाशीच थांबली.

"मम्मी, चल ना. सगळ्यांच्या नऊच झाल्यात."

"न्हाई. माझ्या माहेरी, धावड्याला, आमच्या शाळेच्या वाटंवर वावळ होता. उन्हाळ्यात त्याच्या बिया उडत पार गावात यायच्या. एवढ्या जुन्या झाडाची एक तरी बी कुठं रुजली असंलच की."

तिनं मूठभर पाचोळा वर उधळला. तो वाऱ्यानं पूर्वेकडे सरकला. संध्या त्याच दिशेनं निघाली.

घाणेरीच्या काट्यांनी ओढणी फाटली, चपलेचा अंगठा तुटला. दोनदा भलतंच झाड निघालं. "आता बस झालं," साक्षी वैतागून म्हणाली. संध्यानं चप्पल हातात घेतली आणि चालत राहिली.

भिंतीजवळच्या कोरड्या हौदात, दगडांच्या फटीतून, घाणेरीच्या विळख्यात, दोन पुरुष उंचीचं एक झाड वर आलं होतं. संध्यानं खाली पडलेलं हिरवं पान चुरगळून हुंगलं. तोच उग्र वास. बुडाशी कागदासारख्या पातळ, गोल चकत्या पडल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या मधोमध एक दाणा.

साक्षीनं एक उचलून उन्हात धरली. "मम्मी, हीच?"

"हीच."

दोघी फाटकापाशी पोचल्या तेव्हा बक्षीस देऊन झालं होतं. तळहातावरच्या बीकडे रामराव बघतच राहिले. मग स्वतः हौदापर्यंत आले, झाडाला हात लावून उभे राहिले. "तीस वर्षं या बागेत फिरलो, ताई. हे कधी दिसलं न्हाई. तुम्हाला थोडा उशीर झाला, न्हाईतर बक्षीस..."

"ते राहू द्या. घाणेरी याला गुदमरून टाकू राह्यली. ती कधी काढायची, तेवढं सांगा."

"पुढच्या रविवारी."

"मंग कोयता घेऊन आम्हीपण येतो," आईच्या आधी साक्षीच बोलली.