ताण तोडताना

"पाय वं, तुह्या बापानं परत ताट सरकवलं," माय म्हणाली. "मले म्हन्ते, मी ताण देऊन राह्यलो."

मी हैदराबादहून नुकतीच गावी, मावल्याला पोचले होते. पिशवी अजून हातातच होती. बा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते.

"कोनाले ताण?" मी विचारलं.

"पेशीयले. तूच त सांगतलं व्हतं."

सांगितलं होतं खरं. आमची कागदी लिंबाची बाग. बहार धरण्याआधी बा झाडांचं पाणी तोडत, म्हणजे ताण देत. पानं मलूल होऊन गळू लागली की हलकं पाणी सोडून ताण तोडत, आणि झाड फुलांनी भरून जाई. प्रयोगशाळेत मी काय करते, असं त्यांनी एकदा विचारलं तेव्हा मी बागेवरूनच समजावलं होतं: पेशीला अन्न कमी पडलं की सर्टुइन नावाची विकरं, म्हणजे एन्झाइम्स, कामाला लागतात. वाढीचा खर्च आवरतात, साठवलेली चरबी वापरायला लावतात, मोडतोड दुरुस्त करतात. "म्हन्जे ताणच!" म्हणून बा गावभर सांगत फिरले होते.

आता त्यांना पोटाचा कॅन्सर होता. सोमवारी पुढचं औषध चढवायचं होतं. वजन आणखी उतरलं तर ते देता येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मी पेजेची वाटी घेऊन खाटेवर बसले.

"बा, रोगट झाडाले ताण देता काय तुमी?"

त्यांनी वाटीकडे पाहिलं.

"त्या विकरायलेबी काम कराले काई लागते. उपाशी गवंडी भित बांधन काय?"

"वा वं मास्तरीन!" बा हसले. त्यानंतर त्यांचं हसणं मी ऐकलं नाही. "दे मंग. पयलं पानी हलकं दे."

मी अर्धा चमचा दिला. त्यांनी डोळे मिटून तो कसाबसा गिळला. थोड्याच वेळात तो तसाच परत आला. मी टॉवेल धरला. माय दारात होती. तिच्याकडे पाठ होईल असे बा वळले.

"समदंच उलटून येते, बाई," ते माझ्या कानाशी म्हणाले. "लय दिवसापासून. तुही माय रडते म्हनून शास्त्राचं नाव सांगतलं. शास्त्राम्होरं थे बोलत नाई."

मी वाटी खाली ठेवली. सोमवारचं औषध होणार नव्हतं.

"काय म्हन्ते वं तुहा बाप?" मायनं विचारलं.

"ताणच हाय, माय," मी म्हणाले.

"माह्यावर इस्वास नाई तिचा," बा मोठ्यानं म्हणाले. "आता तूच सांग."

माय खाटेच्या पायथ्याशी येऊन बसली. मी सांगू लागले. अन्न नसलं की पेशी आधी वाढ थांबवते. मग साठवलेलं पुरवून पुरवून वापरते. तुटलेलं सांधत बसते.

"समदं सांधते?"

"जमन तेवढं."

मायनं मान हलवली. माझ्या हातातला टॉवेल घेतला, ओली बाजू आत जाईल असा दुमडला आणि मांडीवर ठेवला.

"सांग ना," ती म्हणाली, "मंग काय करते?"