पातळ पुस्तक, जाड पुस्तक

पाय बांधलेली कोंबडी, एसटीत कुणाच्या तरी पिशवीतून बाहेर बघणारी.

पलूसच्या बाजारातला रिकामा गाळा, पुढ्यात कडुनिंब.

जमीन हलली त्या पहाटे कोसळलेली उतरंड. सगळ्यात वरचं गाडगं मात्र शाबूत.

लडाखात श्वासाची वाफ मिशीवर गोठते. असं मानसिंग म्हणतो.

"दोन्ही न्या की, हवालदारसाहेब," नानासो म्हणाला.

"दोन्ही नेली तर मी ऱ्हाऊ कुठं?" मानसिंगने विचारलं.

सांगलीतलं नानासोचं जुन्या पुस्तकांचं दुकान. साल अठ्ठ्याहत्तर. मानसिंग फौजेत सिग्नलवर होता, त्याची रजा उद्या संपत होती. फळीवर दोन पुस्तकं होती. पातळ होतं ते मराठीत, रेडिओ दुरुस्तीचं. ते घेतलं तर पेन्शन, पलूसचा गाळा आणि घर. जाड इंग्रजी होतं, संगणक एकमेकांशी कसे बोलतात त्याचं. ते घेतलं तर साहेबांनी सुचवलेला कोर्स, आणि मग पलटणीत आणखी कितीतरी वर्षं.

चंद्राबाई नवऱ्याबरोबर आली होती ती पातळ पुस्तकासाठी. ते तिने केव्हाच काखेत मारलं होतं.

मानसिंग जाड पुस्तक नुसतं चाळत होता. एका पानावर गोल होते, गोलांना जोडणाऱ्या रेघा होत्या.

"आवं, ही जाळी कसली?"

"यंत्रं हायती, गावोगावची. एकमेकांस्नी निरोप धाडत्यात."

"त्याला तार हाय की."

"तार एका वाटंनं जाती गं. हितं निरोपाचं तुकडं करत्यात. ज्यो त्यो तुकडा गावंल त्या वाटंनं पळतो. तिकडं पोचलं की परत जुळवायचं."

"आन् मधीच वाट तुटली तर?"

"दुसरीकडनं."

"कुणाला इचारून?"

मानसिंग हसला. "कुणाला न्हाई. नाक्यानाक्यावरचं यंत्रच वाट हुडकतं. कसं, ते मला तरी कुठं कळलंय? म्हणून तर पुस्तक."

चंद्राबाई पानावर वाकली. सदुसष्ट सालच्या कोयनानगरच्या भूकंपात ती तिकडंच माहेरी होती. मानसिंग तेव्हा सरहद्दीवर, कानाला हेडफोन लावून साऱ्या फौजेचे निरोप पोचवत होता. घाटातली तार पडली होती. आपली बायको जिती आहे का, एवढं मात्र त्याला कळत नव्हतं. कळलं तेव्हा कुठं तो जेवला. हे त्याच्या दोस्तानं सांगितलं. तो स्वतः कधी बोलला नाही.

तिने एका गोलावर अंगठा दाबला. "हे गेलं, समजा." दुसऱ्या हाताचं बोट रेघेवरून निघालं, वळसा घालून पलीकडे पोचलं. तिने दुसरा गोल दाबला. बोट पुन्हा पोचलं. कुठलाही दाबा, ते पोचतच होतं. मोठ्या देवळाच्या गाभाऱ्यात शिरावं तसं तिच्या अंगावरून गार काहीतरी गेलं. पान हाताच्या पंजाएवढं, आणि त्यात कुठली कुठली माणसं एकमेकांना सापडत होती.

"आपल्याकडं कवा येणार हे?"

"काय ठावं. आपुन म्हातारं हुवू तवर."

"कुणी शिकल्याबिगर येतंय व्हय?"

मानसिंगने तिच्याकडे पाहिलं. "चंद्रा, गाळ्याचं बोलणं झालंय."

"गाळा काय पळून जातोय? त्याला पाय हायत का?"

नानासो उगीचच पुस्तकांवर फडकं मारत राहिला. चंद्राबाईने काखेतलं पातळ पुस्तक काढलं आणि दिसेल त्या फटीत खोचलं, देवधर्माच्या पोथ्यांत. नानासोने ते तसंच राहू दिलं.

जाड पुस्तक तिने दोन्ही हातांनी उचललं.

"लय जड हाय. एसटीपातुर मी धरते," ती म्हणाली, "तिथनं पुढं तुमचं तुमी."

लग्न ठरायच्या आधी तिने आईला एकच गोष्ट सांगितली होती : नवरा पलटणीतला नको.